पावसाचा ऊस कसा होतो

मंडळी, मजकुरातून कळीचे शब्द, म्हणजे कीवर्ड, काढून देणारा प्रोग्राम आजकाल चार-पाच ओळींत होतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एखादी तयार लायब्ररी (पुस्तकांची नव्हे, आयत्या प्रोग्रामांची) घ्यायची, लेख तिच्या हवाली करायचा, की दहा-वीस शब्द गुणांसकट समोर येतात. तुमच्यापैकी बरेचजण ग्रंथालयांत काम करता, काहीजण नियतकालिकं चालवता. जुने अंक स्कॅन झालेत, मजकूर टाइपही झालाय, पण विषयसूची करायला माणूस मिळत नाही. तेव्हा असं साधन हवंसं वाटणं साहजिक आहे. मात्र हे सगळं सोपं आहे ते इंग्रजीपुरतं. मराठी मजकूर दिला की ते नेमकं कुठे अडतं, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला बहुधा दिसत नाही. तुम्हाला दिसेल.

एक नमुना घ्या. सायकिट-लर्न ही पायथनची फार वापरातली लायब्ररी. तिचा शब्द मोजणारा भाग काहीही न बदलता वापरला आणि मराठी बातमी दिली, तर 'पाऊस' या शब्दाचं काय होतं? 'ऊस' होतो. 'शेतकरी'चा 'तकर' होतो, 'निवडणूक'चं 'वडण', 'सरकार'चं 'सरक'. आणि 'पाणी' तर गायबच! 'धरण' आणि 'नगर' तेवढे धडधाकट राहतात.

कारण अगदी यांत्रिक आहे. पायथनच्या मूळ नियमात शब्द म्हणजे अक्षरं आणि अंक यांची सलग रांग. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना, वेलांटी, उकार, मात्रा, हलन्ताचं चिन्ह यांची नोंद अक्षर म्हणून नाही, जोडचिन्ह म्हणून आहे. म्हणून काना आला की शब्द तुटतो. त्यात सायकिट-लर्नची अट अशी की दोनपेक्षा कमी अक्षरांचा तुकडा टाकून द्यायचा. 'पाऊस'मध्ये 'प' सुटा पडतो आणि जातो, मागे उरतो 'ऊस'. दुष्काळाच्या बातमीत पहिला कीवर्ड ऊस आला, तर वाचणाऱ्याला ते पटूनही जाईल, हीच यातली गंमत आणि हाच धोका.

उपाय एका ओळीचा आहे. शब्द कशाला म्हणायचं हे लायब्ररीला आपल्याला सांगता येतं. युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा सलग पट्टा दिलाय. त्या पट्ट्यातली चिन्हं सलग येतील तोवर एक शब्द धरा, असं सांगायचं. फक्त दंड (।) हे विरामचिन्हही त्याच पट्ट्यात बसतं, त्यामुळे अभंगांचा किंवा पोथीचा मजकूर असेल तर दंड आधी काढून टाका, नाहीतर ते शेवटच्या शब्दाला चिकटून येईल. आणि 'शेतकऱ्यांना'मधला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र' आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. आधी सगळ्यांचं एक रूप करून घ्या.

आता शब्द निवडण्याकडे येऊ. कल्पना जुनी आहे. आयबीएम या संगणक कंपनीतल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ साली मांडलं की लेखात वारंवार येणारे शब्द विषय सांगतात, मात्र अतिवारंवार येणारे आणि अगदी क्वचित येणारे दोन्ही छाटायचे. १९७२ साली संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी त्यात भर घातली की शब्द किती लेखांत येतो तेही बघा. हजार लेखांपैकी दहांतच 'भातशेती' असेल तर तो वजनदार शब्द. 'आहे' हजारच्या हजार लेखांत असतो, त्याला वजन जवळपास काहीच नाही. पण यासाठी लेखांची रास हवी.

हातात एकच लेख असेल तर 'रेक' नावाची पद्धत आहे, २०१० सालची. ती 'ऑफ', 'फ्रॉम', 'द' असे किरकोळ शब्द आणि विरामचिन्हं जिथे येतील तिथे वाक्य तोडते. 'रिलीज ऑफ वॉटर फ्रॉम द डॅम'चे तीन स्वच्छ तुकडे पडतात. मराठीत तेच वाक्य बघा: 'कोयना धरणातून पाण्याचा विसर्ग वाढवण्यात आला आहे.' किरकोळ शब्द कुठे आहेत? 'तून' आणि 'चा' नामालाच चिकटलेत. तोडायला जागा मिळते ती थेट 'आला'पाशी. मग 'कोयना धरणातून पाण्याचा विसर्ग वाढवण्यात' हा अख्खा पाच शब्दांचा गठ्ठा कीवर्ड ठरतो. रेकच्या हिशोबात यातल्या प्रत्येक शब्दाला पाच गुण, बेरीज पंचवीस. एकटं आलेलं 'धरण' एका गुणावर बसतं. तीन शब्दांहून लांब गठ्ठा नको, असं बंधन घालता येतं, जरूर घाला. तरी प्रत्ययांचा प्रश्न उरतोच.

तर प्रत्यय कापू या. ला, ना, ने, चा-ची-चे, त, तून, वर, साठी, मध्ये. लांब प्रत्यय आधी, आखूड नंतर. लगेच 'अकोला'चा 'अको' होतो, 'सरोवर'चं 'सरो', 'गणित'चं 'गणि'. यावर मला सगळ्यात भरवशाची वाटलेली युक्ती साधी आहे: कापल्यावर उरलेलं रूप त्याच संग्रहात आणखी कुठल्या प्रत्ययासह किंवा सुटं सापडलं, तरच कापा. 'धरणा' हे 'धरणाचा', 'धरणाला' यांतही मिळतं, म्हणून कापणं योग्य. 'अको' कुठेच मिळत नाही, तेव्हा 'अकोला' जागेवर राहतं. 'भारत' मात्र फसतो, कारण 'भार' सापडतो. असे शब्द हाताने वाचवायचे.

सामान्यरूपाचं, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी नामाच्या बदलणाऱ्या रूपाचं, तर विचारूच नका. पहिली काही अक्षरं जुळली की एकच शब्द धरायचा, असा आडाखा लून यांनीही वापरला होता. 'कापूस', 'कापसाचा' यांत सारखं काय, तर 'काप'. पण त्याच 'काप'वर 'कापड' आणि 'कापूर'ही गोळा होतात. 'पाऊस' आणि 'पावसाने' यांत तर 'पा' एवढंच सारखं. इथे नियमाच्या मागे लागण्यापेक्षा शेदोनशे नेहमीच्या नामांचा तक्ता करा. एका रांगेत मूळ रूप, शेजारी सामान्यरूप.

'याके' ही २०१८ची लायब्ररीही बरी आहे. तिच्यात गुण जितके कमी तितका शब्द महत्त्वाचा, उलटा हिशोब लक्षात ठेवा. ती कॅपिटल अक्षरांकडे बघते, ती आपल्याकडे नाहीतच. लवकर आलेल्या शब्दाला ती झुकतं माप देते. बातमीला हे मानवतं, पण 'सातारा, ता. १२' ही सुरुवात आधी काढा. ललित लेखाला ते मुळीच मानवत नाही.

राहिली गाळायच्या, म्हणजे त्या किरकोळ, शब्दांची यादी. इंटरनेटवरून घेतलेल्या यादीत 'कर' आणि 'वर' आहेत का बघा. 'कर' गाळला तर अर्थसंकल्पावरच्या लेखातून करच उडतो. विवाह मंडळाच्या अंकातून 'वर' गाळला की वधू एकटीच उरते. म्हणून शेती, अर्थकारण, संतसाहित्य, ज्याची त्याची यादी वेगळी ठेवा, आणि ती तुम्हीच करा. साधी टेक्स्ट फाइल पुरते, एका ओळीत एक शब्द.