दोन पट्टे अन् एक टर्बो

[पहाट. क्रांती चौक. रस्ता रिकामा.]

रविवार, सकाळचे पावणेसहा. क्रांती चौक एवढा मोकळा तुम्हाला दिवसभरात परत दिसणार नाही, म्हणून हा शॉट जरा जास्तच लांब ठेवलाय, सांभाळून घ्या. आधी आवाज येईल, गाडी मागून.

हां, हीच. केशरी रंग, बोनेट अन् छत काळं, त्यावर दोन पांढरे पट्टे. टाटा अल्ट्रोज रेसर. जून 2024 मध्ये बाजारात आली, सुरुवातीची किंमत साडेनऊ लाखाच्या आतबाहेर, शोरूमची बरं का, रस्त्यावर येईपर्यंत जे व्हायचं ते होतंच. छत्रपती संभाजीनगरात आम्हाला ही पहिल्यांदा जवळून बघायला मिळाली ती याच पोराकडं. पोराचा चेहरा व्हिडिओत कुठंच दिसणार नाही. शेंद्र्याला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे अन् त्याचं म्हणणं, कंपनीत कळलं तर अख्ख्या शिफ्टला पार्टी द्यावी लागंल. त्यामुळं तुम्हाला फक्त त्याचे हात दिसतील. गिअरवरचा डावा हात नीट बघा, पूर्ण व्हिडिओत तो हात रिकामा बसलेला नाही.

[बोनेटचा क्लोजअप]

आता इथं थांबा जरा. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये हे कुंकवाचं स्वस्तिक दिसतंय का? हे त्याच्या वडिलांनी काढलेलं. पैठण तालुक्यात शेती आहे, कापूस अन् तूर. गाडी घरी आणली तेव्हा वडील म्हणाले होते, एवढ्या पैशात उंच गाडी आली असती की रे, शेतात तरी गेली असती. पण मग नारळ फोडला, स्वस्तिक काढलं, अन् काढताना पट्ट्याला बोट लागू दिलं नाही. पोरगं तेव्हापासून बोनेटचा तेवढा भाग सोडून गाडी धुतंय.

हप्ता सात वर्षांचा आहे. असो.

[जुन्या गाड्यांचे फोटो, मग शेंद्रा एमआयडीसीचा रस्ता]

ही केशरी गाडी म्हणजे हॉट हॅच. हॉट हॅच म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरातली साधी छोटी गाडी, मागं डिकीचा दरवाजा काचेसकट वर उघडतो ती, बाजारहाट करणारी, पोरांना शाळेत सोडणारी, तिच्यातच दमदार इंजिन बसवायचं अन् सस्पेन्शन जरा कडक करायचं. 1976 ला जर्मनीत फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय काढली, 110 पीएसची, पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच, अन् तिथून ह्या येडेपणाला खरा जोर आला.

आपल्याकडं पण हे येड नवीन नाही अन् आपल्या गावाला तर टर्बो पेट्रोलचा वास जुना आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, पुढं उघडून दाखवतोच. स्कोडाचा कारखाना शेंद्र्यात 2001 ला सुरू झाला, ऑक्टाव्हिया तिथं जोडली जायची, अन् 2004 मध्ये तिची आरएस, म्हणजे जास्त दमदार आवृत्ती, आली, 1.8 टर्बो, 150 पीएस. ती काय हॅच नव्हती म्हणायचं का होती यावर आमच्यात आजपण भांडणं होतात, डिकी तर पूर्ण काचेसकट उघडायची. बाकी आपल्या गावाचं गाड्यांचं वेड जगाला कळलं ते 2010 ला, एकाच झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या लोकांनी. पण तो पैशेवाल्यांचा खेळ होता, इथं विषय पगारातून हप्ता भरणाऱ्यांचा चाललाय.

[म्हैसमाळच्या रस्त्याकडं निघालेल्या गाड्यांची रांग]

ह्या रांगेत बघा. पुढून दुसरी, पोलो जीटी टीएसआय, 2013 ला आली ती. तिच्या मागं बलेनो आरएस, 2017 ची, एक लिटरचं टर्बो, 102 पीएस, विकली गेली थोडीच अन् 2020 ला बंद. टियागो जेटीपी पण यायची होती, मालकाच्या घरी लग्न निघालं म्हणून राहिली, ती 2018 ला आली 114 पीएस घेऊन, ती पण 2020 लाच बंद. फियाटची अबार्थ पुंटो तर 145 ची होती, 2015 मध्ये, म्हणजे काळाच्या केवढी पुढं. अन् पोलो स्वतः 2022 ला गेली.

हे मी कामून सांगतोय? कारण ह्यातली प्रत्येक गाडी आली तेव्हा आपण सगळे म्हणलो लई भारी, फोटो टाकले, स्टेटस ठेवले अन् बुकिंगला गेलो तेव्हा उंच गाडी घेऊन आलो. कंपन्यांना शिव्या घालायला आपण पुढं असतो पण ह्या गाड्या अर्ध्या तरी आपणच मारल्यात, हे माझं स्पष्ट मत आहे अन् हा व्हिडिओ माझा आहे.

[दौलताबाद, दिल्ली दरवाजा. गाडी कमानीतून जाते.]

हा शॉट चार वेळा घेतला. दौलताबादच्या ह्या दरवाज्यातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते, समोरून बस आली की दोन्हीकडं रांग लागते अन् हॉर्नचा गोंगाट. सकाळी सहाला पण दोनदा बस आडवी आलीच. पण अल्ट्रोजची लांबी 3990 मिलीमीटर, चार मीटरला फक्त दहा मिलीमीटर कमी, अशी ही गाडी त्या दगडी कमानीतून सुळकन निघते ते बघायला बरं वाटतं.

ते दहा मिलीमीटर उगीच वाचवलेले नाहीत. 2006 च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांची एक्साईज ड्युटी 24 वरून 16 टक्क्यांवर आणली, अन् छोटी कुणाला म्हणायचं तर लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत. पुढं जीएसटी आला तरी ती रेघ तशीच राहिली. मग इंजिनिअर लोकांनी काय करायचं, इंजिन मोठं करता येत नाही, केलं तर गाडी महाग. म्हणून 1199 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घ्यायचं अन् त्याला टर्बो लावायचा. साधी पेट्रोल अल्ट्रोज 88 पीएसची, ही 120. टॉर्क, म्हणजे गाडी ओढायचा जोर, तिकडं 115 न्यूटन मीटर, इकडं 170. सीसी तेवढंच.

[गॅरेज. बाकड्यावर उघडलेला टर्बो.]

आता जो भाग आम्ही मनापासून शूट केलाय तो. रेल्वे स्टेशन एमआयडीसीच्या मागं हे गॅरेज, अन् हे हात चाचांचे. नाव सांगायची गरज नाही, शहरात जुनी डिझेल गाडी असणारा प्रत्येक माणूस यांच्याकडं एकदा तरी येऊन गेलाय. आपल्या मराठवाड्याला टर्बो कुणी शिकवला, तर ट्रकनं. उसाच्या गाड्या, कापसाच्या गाड्या, टाटाच्या ट्रकवर नंबरापुढं टीसी लिहिलेलं असायचं, ते टर्बोचं. हॉट हॅच वगैरे शब्द आपण ऐकायच्या आधी चाचांचे हात काळे झालेले.

बाकड्यावर आहे तो एका जुन्या जीपचा टर्बो. दोन गोगलगायी पाठीला पाठ लावून बसल्यात असं समजा. ही गंजलेली जड बाजू बीडाची. बीड म्हणजे जिल्हा नाही, ओतीव लोखंड. इंजिनातून जळून बाहेर पडणारा गरम धूर, जो नाहीतर सायलेन्सरमधून फुकट जातो, तो ह्या बाजूनं आत घुसतो अन् आतलं पंख्यासारखं चाक फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ही अॅल्युमिनियमची चकचकीत बाजू. ते चाक बाहेरची हवा ओढतं, दाबतं अन् इंजिनात कोंबतं. साधं इंजिन हवा श्वासासारखी घेतं, टर्बोवाल्याला ती घास भरवल्यासारखी मिळते. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. बस एवढंच आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशीनं ह्याचं पेटंट 1905 मध्ये काढलं, म्हणजे कल्पना आपल्या पणजोबांच्या वयाची.

दाबली की हवा तापते, सायकलचा पंप हाताला चटका देतो तसं. तापलेली हवा पातळ, उपयोगाची कमी. म्हणून मध्ये इंटरकूलर, ती छोट्या रेडिएटरसारखी जाळी, गाडीच्या तोंडाशी असते.

आता चाचांचं बोट बघा. शाफ्ट धरून वरखाली हलवताहेत. एवढासा जरी जास्त हलला तरी काम तमाम. कारण छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतो अन् तो कशावर टेकलेला असतो तर तेलाच्या पातळ थरावर. बेअरिंग आहे पण शाफ्ट तरंगतो तेलात. तेल वेळेवर बदललं नाही, हलकं टाकलं, किंवा गाडी दाबून आणली अन् खटकन बंद केली, की तेल तिथंच जळून त्याचा कोळसा होतो. हा बघा, नखानं निघालेला काळा चुरा. चाचा म्हणतात, “इंजिन को पसीना आया तो पोंछने का, फिर सुलाने का.” म्हणजे बंद करायच्या आधी मिनिटभर तशीच चालू ठेवायची. हल्लीच्या टर्बोला पाण्यानं पण थंड करतात, त्यामुळं रोजच्या चालवण्यात तेवढी गरज उरली नाही. हे चाचांना सांगून बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं अन् चहा मागवला. ते फुटेज आहे पण आवाज नीट आला नाही.

[खुलताबाद. टपरी. गाडीभोवती गर्दी.]

खुलताबादला चहाला थांबलो अन् दोन मिनिटात हे असं. भद्रा मारुतीला आलेले लोक, आमची पोरं, टपरीवाला, सगळे बोनेटवर वाकलेले. पहिला प्रश्न टपरीवाल्याचा, अन् तो जगात कुठंही पहिलाच असतो, “एव्हरेज किती देती?”

आय ट्वेंटी एन लाइनवाला भाऊ सरळ मागच्या चाकाशी जाऊन उकिडवा बसला. “मागं ड्रम ब्रेक? कामून राव? माझ्या गाडीला चारही डिस्क हायेत.” मुद्दा बरोबर आहे त्याचा. त्याची गाडी पण 120 पीएसचीच, ती पण फक्त एक लिटरच्या इंजिनातून, टॉर्क 172, म्हणजे कागदावर दोघी सख्ख्या बहिणी. पोलोवाल्याचं दुखणं वेगळं, ऑटोमॅटिक नाही म्हणे, फक्त सहा गिअरची मॅन्युअल, संध्याकाळी जालना रोडला डावा पाय कामातून जाईल. एक जण म्हणला इंजिन तर नेक्सॉनचंच आहे, त्यात नवीन काय. अरे पण नेक्सॉनचं इंजिन तिच्यापेक्षा हलक्या अन् बुटक्या गाडीत घातल्यावर काय होतं तेच तर बघायला आलायस ना बाबा तू.

एका काकांनी पट्टा नखानं खरवडून बघितला, स्टिकर आहे का कलर म्हणून. त्या क्षणी गाडीवाल्या पोराचे हात बघा, डोक्यावर गेलेत.

हा दरवाजा उघडताना बघा, पार नव्वद अंशात उघडतो. एक आजी दर्शनाला आल्या होत्या, त्यांना गंमत म्हणून मागं बसवलं. न वाकता बसल्या, सीटवर हात फिरवला अन् विचारलं, “एसटीत अशी गादी कवा देनार?” हे आम्ही काही ठरवून केलं नव्हतं.

[म्हैसमाळचा चढ. गाडीच्या आतून.]

खुलताबाद ते म्हैसमाळ रस्ता तसा छोटा, पण वळणं चांगली अन् शेवटी चढ. 170 चा टॉर्क 1750 पासून 4000 फेऱ्यांपर्यंत सपाट मिळतो, म्हणजे बोलीत सांगायचं तर तिसऱ्यात टाका अन् विसरा. खालच्या फेऱ्यांना जरा दम धरते, पाय दाबला अन् एक क्षण काहीच नाही असं वाटतं, तोच तो लॅग, चाक फिरायला लागेपर्यंतचा. मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखं. हे आत बसलेल्या पोरांचे चेहरे, मी काय बोलू यावर.

वळणात गाडी बसती चांगली. समृद्धीवर किती पळाली ते शूट केलेलं नाही, मर्यादा 120 ची आहे, तिथले अपघात सगळ्यांना माहितीयत, तो वेगळा व्हिडिओ होईल.

[म्हैसमाळ, पठार. दुपारचे अकरा.]

इथं एक गोष्ट ठरलेली नव्हती. चाचांना आम्ही फक्त गॅरेजमध्ये शूट करणार होतो, पण ते मागच्या गाडीत बसून आले, कुणाला न सांगता. खाली उतरले अन् केशरी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. बोनेट उघडायला लावलं. टर्बो कुठं लपवलाय ते बघितलं, इतकी प्लास्टिकची झाकणं कामून असं काहीतरी पुटपुटले. मग पोरानं किल्ली पुढं केली.

ह्याच्यात संगीत टाकलेलं नाही, गाडीचाच आवाज ठेवलाय.

खाली उतरून वळसा घालून परत वर. चाचांनी गिअर बदलले ते मोजून, ट्रकसारखे, पण चढावर तिसऱ्यात पाय पूर्ण दाबला, ते मागच्या सीटवरच्या कॅमेऱ्यात आलंय. तोंडातून एकच शब्द निघाला, तो कापावा लागला.

वर आल्यावर गाडी झाडाखाली लावली. हँडब्रेक ओढला. पोरगं खिडकीशी येऊन म्हणलं, झालं चाचा, बंद करा आता. चाचांनी हात वर केला, थांब म्हणून. मनगटावरच्या घड्याळात बघत बसले. हा शॉट एक मिनिट चार सेकंदाचा आहे, कापलेला नाही.