तोटीचे भांडे: जोर्वे संस्कृतीची रंगीत खापरे

प्रवरा नदीच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यात, जोर्वे नावाचे गाव आहे. तेथील पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. त्या वेळी हाती आलेल्या लाल, काळ्या रेघांनी रंगवलेल्या खापरांमुळे, ताम्रपाषाणयुगात, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरात असलेल्या काळात, महाराष्ट्रात नांदलेल्या एका अख्ख्या कृषिसंस्कृतीला या लहानशा गावाचे नाव मिळाले. पुढे नेवासे, दायमाबाद आणि पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथेही हीच खापरे सापडली. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० हा त्यांचा काळ.

पडद्यावर दिसणारे हे भांडे पाहा. पोट फुगीर, तोंड फुलासारखे बाहेर उमललेले आणि खांद्यापाशी तिरकी बसवलेली नळीसारखी तोटी. पोट आणि खांदा जिथे एकमेकांना भेटतात तिथे एक ठळक कंगोरा आहे. बोट फिरवले तर मातीच्या भांड्याऐवजी तांब्याच्या भांड्याची कड हाताला लागावी, असा तो कंगोरा आहे. कान नाही, मूठ नाही. ओतायचे तर गळा धरून किंवा दोन्ही हातांत घेऊनच ओतावे लागे. भांडे चाकावर घडवले, तोटी निराळी करून नंतर जोडली.

घडण पुरी झाल्यावर कुंभार त्यावर लाल किंवा नारिंगी लेप देई आणि लेपावर काळ्या रंगाने नक्षी काढी. या नक्षीत चकाकी नाही. तिरप्या समांतर रेघांचे झुबके, जाळी भरलेले चौकोन, शिडीसारखे पट्टे, नागमोडी ओळी: बहुतेक भांड्यांवर एवढेच. जोर्व्याच्या आधी इथे पोहोचलेल्या माळवा परंपरेच्या भांड्यांवर हरणे, मोर असे प्राणी-पक्षी अधिक दिसतात. जोर्व्याच्या कुंभाराने मात्र रेघेवर भिस्त ठेवली, आणि माझ्या मते त्यातच त्याची खरी नजर दिसते, कारण त्याने नक्षी खांद्यावर आणि गळ्याजवळ, म्हणजे भांडे जमिनीवर ठेवलेले असताना वरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल तिथेच काढली, आणि खालचे पोट मोकळे सोडले.

भाजणी हे या कारागिरीचे दुसरे बळ होय. आव्यात, म्हणजे भांडी भाजण्याच्या भट्टीत, हवा खेळती राहिली, आच पुरेशी चढली आणि ती सारखी पोहोचली, की मातीतले लोह लाल रंग धरते आणि भांडे आतपर्यंत पक्के होते. जोर्व्याच्या चांगल्या खापरावर टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो, आणि उत्खननात माती झाडताना हा आवाज ओळखीचा होऊन जातो.

घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. म. के. ढवळीकर यांच्या या कामातून घरे, चुली, धान्याची कोठारे, कुंभाराची भट्टी असे एक गावच उघडे झाले. तिथल्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली. दोन राखी रंगाचे, जाडेभरडे रांजण आडवे ठेवून त्यांची तोंडे एकमेकांना भिडवलेली आणि आत मूल. शेजारी मात्र निवडक रंगीत भांडी, एखादे तोटीचे आणि एखादा कंगोऱ्याचा वाडगा. मोठी माणसे सरळ आडवी पुरली जात, डोके उत्तरेला, आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. त्यांच्याजवळही भांडी ठेवलेली आढळतात. ज्या भांड्यातून घरात ओतले जाई, त्याच घडणीचे भांडे त्याच घराच्या जमिनीखाली मुलाच्या उशाशी ठेवले गेले, ही गोष्ट मला या सर्व पुराव्यांत सर्वांत जवळची वाटते.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, बार्लीची शेती घटली, शिकारीवर आणि गुराढोरांवर भार वाढला. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरड्या हवामानात शोधले. हे दिवस खापरांतही दिसतात. उत्तर जोर्वे, म्हणजे या शेवटच्या काळातील भांड्यांची माती भरड होते, हात सैल पडतो आणि रेघ पूर्वीसारखी नेटकी राहत नाही.

तरीही तोटीचे भांडे आणि कंगोऱ्याचा वाडगा हे जुने आकार कुंभाराने सोडले नाहीत. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास इनामगाव ओस पडेपर्यंत ते घडत राहिले.