मालिकेचं बिऱ्हाड हलवताना

गाजलेली मालिका एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेऊन ठेवायची म्हटलं, की बहुतेकांचं लक्ष आधी नावांकडे, कपड्यांकडे, जेवणाच्या ताटाकडे जातं. हे सगळं शेवटी केलं तरी चालतं. माझ्या मते आधी विचारायचं ते असं, की या माणसाला लाज कशाची वाटते? आणि नव्या देशात तसल्याच माणसाला ती कशाची वाटेल?

‘स्टेप्टो अँड सन’ घ्या. बीबीसीवर १९६२ मध्ये सुरू झालेली, लंडनमधल्या भंगारवाल्या बापलेकांची ही मालिका. मुलाला त्या धंद्यातून वर यायचंय, चार सुशिक्षितांत बसायचंय, आणि बाप त्याला सुटू देत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत तिची ‘सॅनफर्ड अँड सन’ झाली. घोडागाडी गेली, ट्रक आला, पण ते किरकोळ. मोठा निर्णय हा, की बापलेक लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातले कृष्णवर्णीय झाले. १९६५ च्या दंगलीमुळे ते नाव अमेरिकेत घरोघरी माहीत होतं. ब्रिटनमध्ये मुलाच्या वाटेत वर्गाची भिंत होती. अमेरिकेत तितकीच पक्की भिंत वंशाची होती. मंत्री आणि त्याचा सचिव यांच्यावरची ब्रिटिश मालिका ‘येस मिनिस्टर’, तिची हिंदी ‘जी मंत्रीजी’ करताना एवढा शोध घ्यावा लागला नाही. भारतातही मंत्री आणि सचिव यांचं नातं ब्रिटिश वळणाचंच होतं.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी मालिका. ‘फॉल्टी टॉवर्स’चे भाग फक्त बारा, १९७५ आणि १९७९ मधले. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी ते लिहिले. इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या समुद्रकिनाऱ्यावरचं मध्यम दर्जाचं हॉटेल, त्याचा चालक बॅसिल आणि त्याची बायको सिबिल. बॅसिलला लाज आहे ती आपल्या सामाजिक थराची. पहिल्याच भागात कुणी स्वतःला लॉर्ड म्हणवून घेतो आणि बॅसिल त्याच्यापुढे लोटांगण घालतो. तो भामटा निघतो. बाकीच्या पाहुण्यांवर खेकसणं आणि उमरावापुढे वाकणं ही एकाच दुखण्याची दोन रूपं आहेत. त्या दुखण्याला धार येते सिबिलमुळे, कारण तिला तो आरपार दिसतो. १९८३ च्या अमेरिकन ‘अमांडाज’मध्ये नवराबायकोच्या जागी एकच विधवा मालकीण आणली. बिअ ऑर्थर ताकदीची अभिनेत्री होती, पण ज्याच्यापासून लपायचं असा माणूसच हॉटेलात उरला नाही. मालिका लवकरच बंद पडली.

मी बॅसिलला जपानमध्ये नेईन. शिझुओका प्रांतातलं आतामी: समुद्र, गरम पाण्याचे झरे, आणि १९६४ पासून टोकियोहून शिंकान्सेन या वेगवान रेल्वेनं येणारे पाहुणे. काळ १९७५ चाच. हॉटेलऐवजी र्योकान, म्हणजे पारंपरिक पाहुणघर. ते बहुधा एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतं, आणि पाहुण्यांपुढे त्याचा चेहरा असते ओकामी, घरची मालकीण. म्हणजे सिबिलचं राज्य तिथे रीतीनंच मान्य आहे, आणि नवरा हिशेबाच्या खोलीत. इथे त्याची लाज थराची राहत नाही. सात पिढ्यांनी राखलेलं घर आपल्या हातून बुडेल, ही ती लाज.

पण आरडाओरडा? तो तर बॅसिलचा प्राण. र्योकानमध्ये पाहुण्यावर ओरडणारा यजमान पहिल्याच दिवशी संपेल. म्हणून मी त्याचा संताप नम्रतेत कोंडेन. पाहुणा जितका नकोसा, तितका तो जास्त खाली वाकणार. वाक्यं लांबत जाणार, आदरार्थी रूपं एकावर एक चढणार, आणि ओकामीला मागून कळणार की आता हा फुटणार. जपानी नट हे केवळ पाठीच्या कोनातून दाखवतील अशी माझी खात्री आहे.

खरी कसोटी जर्मन पाहुण्यांच्या भागाची. डोक्याला मार लागलेला बॅसिल, युद्धाचा उल्लेख करायचा नाही असं सगळ्यांना बजावतो आणि स्वतः दुसरं काहीच बोलत नाही. वेटर मॅन्युएल झालेला अँड्र्यू सॅक्स स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेला, लहानपणी नाझींमुळे देश सोडून आलेला होता, हे कळल्यापासून मी तो भाग वेगळ्या नजरेनं पाहतो. टॉर्कीत यजमान जिंकलेल्या बाजूचा आहे, म्हणून त्याचा वाह्यातपणा हसण्यावारी नेता येतो. आतामीत मी सोलहून व्यवसायासाठी आलेले पाहुणे आणेन, आणि कोरियावर १९१० ते १९४५ जपानची सत्ता होती. तिथे तीच वाक्यं यजमानाच्या तोंडी घातली तर ती क्रूर होतील.

म्हणून तो भाग मी उलटा लिहीन. बोलणं नाही, लपवणं. दिवाणखान्यात थोरल्या भावाचा गणवेशातला फोटो आहे, मागे सोलमधली इमारत ओळखू येते. यजमान तो आधी पडद्याआड नेतो, मग जेवणाच्या मेजाखाली, मग नेमका पाहुण्यांच्याच खोलीतल्या गाद्यांच्या कपाटात. पळापळ, दारं, चुकलेल्या वेळा, हे सगळं प्रहसन जसंच्या तसं राहील. शेवटी त्यांच्यातली वयस्क बाई तो फोटो हातात घेऊन इमारतीचं नाव सांगेल, आणि त्या रस्त्यावर आपलं घर होतं म्हणेल. यजमान पुन्हा वाकू लागेल, तेव्हा ओकामी त्याला थांबवून स्वतः त्या बाईसमोर बसेल आणि ते घर कुठे होतं, हे विचारेल.