शांतता कमिटी गणपतीच्या तोंडावर कशाला, जानेवारीतच बसवा की

नमस्कार. समोर बरेच नवीन नगरसेवक दिसतायत, सरपंच पण आहेत, म्हणून भाषण वगैरे न ठोकता सरळच बोलतो. आपल्याकडं हिंदू-मुस्लिम दंगल म्हटलं की सगळे पोलीस स्टेशनकडं बघतात, एसआरपी किती आली, नेट बंद झालं का, कुणाला उचललं. पण माझं मत असं आहे की भांडणाचं मूळ बऱ्याचदा आपल्याच ऑफिसात एखादा अर्ज होऊन पडलेलं असतं, आणि तो कुणी वाचत नाही.

२००९ चं मिरज घ्या. विसर्जनाच्या स्वागत कमानी ही मिरजेची जुनी हौस, लांबून लोक बघायला येतात. त्या वर्षी एका कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून पेटलं, कर्फ्यू लागला, लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं. चित्र बरोबर का चूक यावर आजही लोक तासभर भांडतील, मी त्यात शिरत नाही. मला दिसतो तो कागद. रस्त्यात मांडव घाला नाहीतर कमान उभी करा, परवानगी महापालिकेची लागते. आणि तिथं बघतात काय? रुंदी किती, उंची किती, अ‍ॅम्ब्युलन्स जाईल का, पावती फाडली का, मारा शिक्का. कमानीवर काय लावणार आणि शेजारच्या गल्लीशी बोललाय का, असा रकानाच फॉर्मवर नसतो. तो घाला, आणि अर्ज महिनाभर आधी घ्या. आदल्या दिवशी नाही म्हटलं की इज्जतीचा प्रश्न होतो ओ, महिनाभर आधी तीच गोष्ट चहावर मिटते.

आता कॅलेंडर. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं मुस्लिम सण दरवर्षी मागं सरकतात आणि कुठला कुठल्यावर येणार हे चार वर्षं आधी सांगता येतं. २०२३ ला २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी. २०२४ ला आणि २०२५ ला एका दिवसाच्या फरकानं. २०२५ ला तर आषाढी आणि मोहरम पण ६ जुलैला एकत्र. बऱ्याच गावांत मुस्लिम मंडळींनी आपली मिरवणूक पुढं ढकलली, त्याचं कौतुक झालंच पाहिजे. पण दरवेळी एकानंच समजून घ्यायचं आणि दुसऱ्यानं फक्त टाळ्या वाजवायच्या हे फार काळ चालत नाही. पालिकेनं जानेवारीतच दोन्हीकडच्या मंडळांना बोलवून रूट आणि वेळा ठरवल्या तर हा विषय सप्टेंबरपर्यंत शिळा झालेला असतो.

शांतता कमिटीबद्दल थोडं कडू बोलतो. तेच चेहरे, तेच "आपल्या गावाला परंपरा आहे", फोटो, वेफर्स, संपलं. सुरेश खोपडे साहेब भिवंडीला डीसीपी होते तेव्हा १९८८ पासून त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या, १९८४ ची दंगल बघितलेलं गाव ते. त्यांनी पुढारी बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्हीकडची, आणि वर्षभर भेटत राहिले, नळावरच्या भांडणापासून सगळं त्यातच. १९९२-९३ ला मुंबई जळत होती आणि भिवंडी गप्प राहिली. आपल्या आर. आर. आबांनी, म्हणजे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी, २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम काढली त्यातपण तोच विचार होता. फक्त तंटामुक्त गावाला सरकारी बक्षीस आलं तिथं काही गावांत तंटे मिटवण्यापेक्षा दाबायची सवय लागली हेपण खरंय.

आणि खरा राग कुठं साठतो माहितीय का, पाण्यात आणि लाईटीत. रस्त्याच्या एका अंगाला सकाळी सहाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला रात्री साडेअकराला, एका सणाच्या आधी गटारी उपसल्या, मुरूम टाकला, एलईडी लावले, आणि दुसऱ्याच्या सणाला बल्ब बदलायला माणूस नाही. कारण कदाचित फक्त व्हॉल्व्हचं असेल, पण लोक कारण विचारत नाहीत, आमच्यावर अन्याय म्हणतात आणि मनात ठेवतात. मग एक दिवस कुणीतरी फालतू पोस्ट टाकतं आणि ते सगळं बाहेर येतं. म्हणून पाण्याचं वेळापत्रक आणि वॉर्डवार खर्च बोर्डावर लावा, एवढं तरी करा. सणाआधीच्या कामांची एकच यादी ठेवा, सगळ्या सणांना तीच.

पोस्टचं म्हणाल तर २०२३ च्या सप्टेंबरात साताऱ्यातल्या पुसेसावळीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दंगल पेटली, एक जीव गेला. अशा वेळी पहिला तासच महत्त्वाचा. त्या तासात सरपंच, ग्रामसेवक, दोन्ही समाजातली दोन-चार माणसं चौकात एकत्र उभी दिसली पाहिजेत, ग्रुपवर हात जोडल्याचे इमोजी टाकून भागत नाही.

आपल्या सांगली जिल्ह्याकडं चांगलं काहीच नाही असं नाही. कडेगावच्या मोहरमात हिंदू घराण्यांचे ताबूत असतात, गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. आपण भाषणात ही नावं घेऊन टाळ्या घेतो आणि घरी जातो. तिथं हे टिकलंय ते प्रेमाच्या गप्पांवर नाही, प्रत्येकाला त्यात काम आहे आणि मान आहे म्हणून. मग पालिकेनंपण कामंच एकत्र द्यावीत की. नालेसफाईची देखरेख, पूर आला की निवारा केंद्र, क्रीडांगणाची कमिटी, सगळीकडं मिश्र माणसं बसवा.

शेवटचा मुद्दा, वेळ झालीय. सांगली महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२३ ला संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ ला, मधली वर्षं प्रशासक. अधिकारी कितीही चांगला असला तरी रात्री बाराला गल्लीतला माणूस त्याला फोन लावत नाही, नगरसेवकाला लावतो. आता तुम्ही आलाय. क्षेत्रसभा, म्हणजे वॉर्डातल्या भागाभागातल्या मतदारांची सभा, २००९ पासून कायद्यात आहे, किती जणांनी ऐकलीय? हात वर करा... बघा, चार-पाच. गावात ग्रामसभा वर्षातून किमान चार घ्याव्याच लागतात, शहरात ही क्षेत्रसभा कागदावरच राहिलीय. पहिली पुढच्या महिन्यात लावा, विषय एकच ठेवा, पाण्याच्या वेळा. हं, आता प्रश्न विचारा, मागच्या रांगेतल्या ताईंपासून सुरू करू.