पाटीसाठी व्हेरियन्स: बोर्डाला काय ऐकायचं असतं

(मध्य न्यू जर्सीतल्या मराठी व्यावसायिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मागे जेवणाची तयारी सुरू झाली आहे, वासही सुटला आहे, तेव्हा प्रस्तावना गाळतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत हे घडलेलं असेल. जागेचं लीज झालं, आतलं काम सुरू झालं, पाटीवाल्याने डिझाइन पाठवलं, घरच्यांना ते आवडलंही. आणि मग टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या, झोनिंग ऑफिसरचं (जागेच्या वापराचे नियम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं) पत्र आलं. नियमाप्रमाणे चाळीस स्क्वेअर फूट चालते, तुम्ही मागितलेत साठ. एक तर पाटी लहान करा, नाहीतर झोनिंग बोर्डाकडे व्हेरियन्सचा, म्हणजे नियमातून सूट मिळण्याचा, अर्ज करा.

बोर्ड म्हणजे कोण? सात नागरिक, शिवाय जास्तीत जास्त चार पर्यायी सदस्य. बिनपगारी. कुणी निवृत्त शिक्षक असतो, कुणी इस्टेट एजंट. मी स्वतः एका गावच्या बोर्डावर पर्यायी सदस्य आहे. गावाचं नाव सांगत नाही, आणि इथे बोलतोय ते माझं वैयक्तिक मत आहे. दिवसभराची नोकरी उरकून ही माणसं संध्याकाळी येऊन बसतात, तुमचं ऐकतात आणि मत देतात. पण ते जे करतात त्याला अर्धं न्यायालय म्हणायला हरकत नाही. साक्षीदाराला शपथ दिली जाते, पुरावे क्रमांकाने नोंदले जातात, सगळं रेकॉर्ड होतं. हे लक्षात न घेता आपली माणसं तिथे जातात ती विनंती करायला. ‘साहेब, धंदा नवीन आहे, कर्ज काढलंय, पाटी दिसली नाही तर गिऱ्हाईक येणार कसं?’ ऐकून वाईट वाटतं. पण मत देताना त्यातलं एक अक्षरही वापरता येत नाही.

का, ते सांगतो. न्यू जर्सीचा म्युनिसिपल लँड यूज लॉ १९७५ सालचा. त्यात व्हेरियन्सचे प्रकार आहेत, आणि दुकानाच्या पाटीचा अर्ज बहुधा ‘सी’ प्रकारात मोडतो. त्यातही दोन वाटा. पहिली वाट अडचणीची. पण ही अडचण जागेची असावी लागते, मालकाची नव्हे. प्लॉट विलक्षण अरुंद आहे, आकार वेडावाकडा आहे, जमिनीला उतार आहे, किंवा तिथे कायदेशीरपणे उभ्या असलेल्या इमारतीचीच काही वेगळी परिस्थिती आहे. उदाहरणार्थ, इमारत रस्त्यापासून खूप आत आहे आणि मध्ये शेजारच्या बँकेची भिंत आडवी येते. ही झाली जागेची अडचण. भाडं जास्त आहे, कंपनीचा लोगो ठरलेल्या मापातच येतो, पाटी आधीच बनवून घेतली आहे, या मालकाच्या अडचणी. शेवटची तर स्वतःच ओढवून घेतलेली. तिच्यावर बोर्डाने दया दाखवावी अशी कायद्यात तरतूद नाही.

दुसरी वाट फायद्याची. नियम शिथिल केल्याने होणारा फायदा नुकसानीपेक्षा मोठा आहे, हे दाखवायचं. इथे लोक हमखास घसरतात, कारण फायदा म्हटलं की त्यांना स्वतःचा फायदा आठवतो. १९८८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉफमन विरुद्ध वॉरन टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डाच्या खटल्यात हे स्पष्ट करून टाकलं. केवळ मालकाचा हेतू साधत असेल तर या वाटेने व्हेरियन्स देऊ नये, समाजाला काहीतरी मिळालं पाहिजे. पाटीने समाजाला काय मिळणार, असं तुम्ही विचाराल. मिळू शकतं. पंचेचाळीस मैलांच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला प्लाझाचं प्रवेशद्वार वेळेत दिसलं, तर तो ऐनवेळी ब्रेक मारत नाही, लेन कापत नाही. आजच्या तीन विसंगत पाट्या काढून त्या जागी एकच नीटस पाटी आली, तर रस्ता सुधारतो. वाहतूक सुरळीत राहावी, परिसर देखणा असावा, हे हेतू त्या कायद्यातच लिहिलेले आहेत. तुमची मागणी त्यांना जोडून दाखवा.

हे जोडायला थोडं गणित लागतं, आणि ते इथल्या मंडळींना जमायला हरकत नाही. पंचेचाळीस मैलांच्या वेगाने गाडी सेकंदाला ६६ फूट जाते. समजा चालकाला पाटी वाचून, ठरवून, लेन बदलायला पाच सेकंद हवेत. म्हणजे पाटी ३३० फुटांवरून वाचता आली पाहिजे. रस्त्यावरच्या सरकारी फलकांसाठी केंद्रीय नियमावलीने धरलेलं माप असं की एक इंच उंचीचं अक्षर सुमारे ३० फुटांवरून वाचता यावं. म्हणजे तुम्हाला अकरा इंचांचं अक्षर हवं. तुमच्या गावाचा ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक नियम, आठ इंचच देत असेल, तर पाटी २४० फुटांवर वाचता येते आणि चालकाच्या हातात साडेतीन सेकंद उरतात. हे एखाद्या ट्रॅफिक इंजिनियरने शपथेवर सांगितलं, सोबत रस्त्यावरून काढलेले फोटो दिले, की सदस्य पुढे सरसावून बसतात. मी हे अनेकदा पाहिलंय. ‘पाटी मोठी हवी’ या हट्टाची जागा तीन इंचांचा हिशोब घेतो आणि चर्चेचा सूरच बदलतो.

मराठीत किंवा हिंदीत पाटी लावणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. पाटीचं क्षेत्रफळ बहुतेक गावांत असं मोजतात: सगळ्या अक्षरांना वेढणारा चौकोन काढायचा आणि लांबी-रुंदीचा गुणाकार करायचा. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. मूळ अक्षर तेवढंच राहतं, पण चौकोन फुगतो. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रोमन लिपी होती, त्यामुळे हा भुर्दंड आपल्याला बसतो. हा मुद्दा तुमच्या आर्किटेक्टला चित्र काढून मांडायला सांगा. मला तो पूर्णपणे रास्त वाटतो.

लिपीचा विषय निघालाच आहे, तर एक प्रश्न मला नेहमी येतो: ‘पाटीवर इंग्रजी असलंच पाहिजे अशी सक्ती गाव करू शकतं का?’ आपण महाराष्ट्रातून आलेले. तिथे २०२२ च्या दुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीतलं मराठी आधी आणि इतर लिपींपेक्षा लहान नाही, अशी सक्ती झाली, आणि २०२३ च्या सप्टेंबरात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही व्यापाऱ्यांना अंमलासाठी दोन महिने दिले. त्यामुळे सरकारने पाटीची भाषा ठरवणं आपल्याला नवीन नाही. इथे गणित वेगळं आहे. कॅलिफोर्नियातल्या पमोना शहराने नियम केला होता की परकी लिपी वापरणाऱ्या दुकानांनी पाटीची निम्मी जागा इंग्रजी अक्षरांना द्यावी. आशियाई व्यापाऱ्यांच्या गटाने दावा लावला आणि १९८९ मध्ये फेडरल कोर्टाने तो नियम रद्द केला. तेव्हा आपल्या इथल्या, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवरच्या दुकानदाराने नुसत्या गुजरातीत पाटी लावली, तर आक्षेप मापावर, उजेडावर, जागेवर घेता येईल. लिपीवर घेणं फार अवघड.

मजकुराशी बोर्डाचा संबंध नसतो, याचं मूळ अमेरिकन घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत आहे, आणि यातले काही खटले मोठे रंजक आहेत. आपल्याच राज्यातल्या विलिंगबरो गावाने ‘घर विकणे आहे’ अशा पाट्यांवर बंदी घातली होती. गोरी कुटुंबं घाबरून घरं विकतायत, पाट्या पाहून आणखी घाबरतायत, असा गावाचा तर्क. हेतू चांगला, गावात वांशिक मिश्रण टिकावं असा. तरी १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी मोडीत काढली, आणि तो निकाल लिहिला थर्गुड मार्शल यांनी! वंशभेदाविरुद्ध आयुष्यभर लढलेला माणूस. माझ्या मते पाट्यांच्या कायद्यातला हा सगळ्यात प्रामाणिक निकाल आहे.

दुसरा खटला उंदराचा. आपल्याच राज्यातल्या लॉरेन्स टाउनशिपमध्ये कामगार संघटनेने एका फिटनेस सेंटरसमोर हवेने फुगवलेला दहा फुटी उंदीर उभा केला. पाहिलाही असेल तुम्ही असा उंदीर, लाल डोळे, बाहेर आलेले दात. गावाचा नियम असा की फुगवलेल्या पाट्या चालणार नाहीत; फक्त नव्या दुकानाच्या उद्घाटनाला चालतील. संघटनेच्या माणसाला शंभर डॉलर दंड झाला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ मध्ये नियम रद्द झाला. दुकानाच्या जाहिरातीला जे चालतं ते कामगाराच्या निषेधाला का चालू नये?

तिसरा आहे रीड विरुद्ध गिल्बर्ट, २०१५. ॲरिझोनातलं एक छोटं चर्च, स्वतःची इमारत नाही, म्हणून दर आठवड्याला प्रार्थनेची जागा सांगणाऱ्या पाट्या लावायचं. गावाच्या नियमात राजकीय पाटी ३२ स्क्वेअर फुटांपर्यंत, वैचारिक पाटी २० पर्यंत, आणि कार्यक्रमाची दिशा दाखवणारी फक्त ६, तीही कार्यक्रमाआधी बारा तास आणि नंतर एक तास. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गावाविरुद्ध निकाल दिला. पाटी वाचल्याशिवाय नियम लावता येत नसेल तर तो नियम मजकुरावर आधारलेला, असं साधारण त्याचं तात्पर्य निघालं आणि देशभरातले गावोगावचे वकील कामाला लागले. २०२२ मध्ये ऑस्टिन शहराच्या खटल्यात याच न्यायालयाने थोडा लगाम घातला: जागेवरच्या धंद्याची पाटी आणि दुसरीकडच्या धंद्याची जाहिरात असा भेद शहराला करता येतो.

असो. परत आपल्या अर्जाकडे.

तुमची एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, असेल तर बोर्डापुढे वकील लागतोच, स्वतः उभं राहता येत नाही. सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालमत्ताधारकांना नोटीस आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना. यात एक पत्ता राहिला तरी अख्खी तारीख फुकट जाते. अर्जाची फी, एस्क्रो (बोर्डाच्या तज्ज्ञांच्या खर्चासाठी आधी भरायची रक्कम), वकील, प्लॅनर हे सगळं धरलं तर कित्येकदा पाटीपेक्षा अर्ज महाग पडतो. म्हणून आधी स्वतःला विचारा, नियमात बसणारी पाटी खरंच इतकी वाईट आहे का? निम्म्या वेळा नसते.

गिऱ्हाइकांच्या सह्यांची थप्पी आणू नका. जो माणूस समोर नाही त्याची उलटतपासणी होत नाही, त्यामुळे त्या सह्यांना वजन नसतं. त्यापेक्षा मागच्या गल्लीतला एकच शेजारी येऊन म्हणाला की रात्री दहाला दिवे बंद होणार असतील तर माझी हरकत नाही, तर ते लाखमोलाचं. आणि अशा अटी आपणहून पुढे करा. दिवे कधी बंद, जुनी पाटी कधी काढणार, खिडकीतले बॅनर किती कमी करणार.

‘शेजाऱ्याला दिली, मग मला का नाही?’ हे वाक्य तर दर महिन्याला ऐकू येतं. शेजाऱ्याची पाटी बहुधा नियम येण्याआधीची असते, म्हणून तिला संरक्षण आहे. किंवा त्याच्या जागेची अडचण वेगळी होती. प्रत्येक अर्ज आपापल्या गुणदोषांवर चालतो. मात्र एकदा मिळालेला व्हेरियन्स जमिनीला चिकटतो, माणसाला नाही. २००० साली स्प्रिंगफिल्डच्या एका प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. म्हणून लीज करण्याआधी टाउन हॉलमध्ये जाऊन त्या पत्त्यावरची जुनी रेझोल्यूशन्स, म्हणजे बोर्डाचे लेखी निर्णय, मागा. आधीच्या भाडेकरूला मिळालेली सूट तुमच्या कामी येऊ शकते. त्याच्यावर घातलेल्या अटीही तुमच्या गळ्यात येतात, हेही आलंच.

आता जरा नाजूक विषय. ‘बोर्डावर आपला मराठी माणूस आहे, जरा बोलून ठेवू.’ कृपा करून हे करू नका. सुनावणीबाहेर अर्जाबद्दल माझ्याशी कुणी बोललं तर ते मला जाहीर करावं लागतं, आणि वैयक्तिक किंवा आर्थिक संबंध असेल तर मला उठून बाहेर जावं लागतं. म्हणजे ओळख काढल्याने तुम्ही स्वतःचं एक संभाव्य मत घालवता. पाटीच्या साध्या अर्जाला हजर सदस्यांचं बहुमत पुरतं, पण मतं समसमान पडली तर अर्ज फेटाळला जातो. एकेक मत मोलाचं असतं. मोठ्या जाहिरात फलकासारख्या ‘डी’ प्रकाराला तर पाच होकार लागतात.

निकाल विरुद्ध गेला तर त्याची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत सुपीरियर कोर्टात जाता येतं. पण न्यायाधीश पाटीचं माप नव्याने ठरवायला बसत नाहीत. बोर्ड मनमानीपणे वागलं का, एवढंच पाहतात, आणि तेही फक्त त्या रात्रीच्या रेकॉर्डवरून. जे तिथे बोललं गेलं नाही ते कोर्टासाठी घडलंच नाही.

आता बोर्डाच्याही चुकीबद्दल बोलतो. एकाच नियमाविरुद्ध पाच-सहा अर्ज आले आणि बोर्डाने सगळे मंजूर केले, तर चूक अर्जदारांची नाही, नियमाची आहे. तरीही बोर्डं वर्षानुवर्षं सूट वाटत बसतात, प्रत्येक दुकानदार हजारो डॉलर ओततो, आणि नियम जागचा हलत नाही. खरं तर कायद्याने प्रत्येक झोनिंग बोर्डाने वर्षातून एकदा आपल्या निर्णयांचा आढावा घेऊन कोणत्या नियमांत बदल हवा याचा अहवाल गावाच्या नियामक मंडळाला द्यायचा असतो. तो अहवाल मागून घ्या, सार्वजनिक कागद आहे. तुमच्या रस्त्यावरच्या पाट्यांचा उल्लेख त्यात आहे का, पाहा. नसेल तर कौन्सिलच्या बैठकीला चार दुकानदार मिळून जा. तिथे नियम बनतो, त्यामुळे तिथे भाडं, गल्ला, नोकऱ्या, रिकामे पडलेले गाळे, सगळं मोकळेपणी बोलता येतं. बोर्डापुढे बोलायचं राहून गेलेलं ते सारं तिथे बोला, आणि देवनागरीच्या चौकोनाचं ते चित्रही सोबत न्या.