फुटलेला थर्मामीटर आणि मिनामाता

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या लहानपणी घरात थर्मामीटर फुटला, की आम्हा भावंडांची चंगळ असायची. शहाबादी फरशीवर पाऱ्याचे चकचकीत मणी पळायचे. बोट लावलं की एकाचे दोन, जवळ सरकवले की दोघांचा पुन्हा एक. आम्ही ते तळहातावर घेऊन खेळायचो. खेळून उरलेला पारा आई केरसुणीने झाडून न्हाणीत लोटायची. पाऱ्याची वाफ व्हायला चूल लागत नाही, घरातली साधी उबही पुरते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वाफेला वास नाही, रंग नाही. ती श्वासाबरोबर आत जाते आणि मेंदूपर्यंत पोचते.

पाऱ्यावर आज जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याला जपानमधल्या एका गावाचं नाव दिलं आहे. मिनामाता. क्यूशू बेटावरचं, समुद्रावर पोट असलेलं गाव. १९५०च्या दशकात तिथली मांजरं वेड्यासारखी गरगर फिरायला लागली, तोल जाऊन पाण्यात पडायला लागली. मांजरं मेली तसे उंदीर माजले आणि कोळ्यांची जाळी कुरतडू लागले. मग माणसांची पाळी आली. हातातली वाटी सुटायची, बोलणं अडखळायचं, नजर आक्रसायची. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. पहिल्या रुग्णांमध्ये दोन चिमुकल्या बहिणी होत्या.

दोष होता चिस्सो कंपनीच्या कारखान्याचा. अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवताना तिथे पारा वापरत, आणि त्यातून तयार होणारं मिथाइल पारा हे विष सांडपाण्यातून खाडीत जाई. ते सूक्ष्म जिवांत शिरलं, त्यांना खाणाऱ्या माशांत साठलं, त्या माशांना खाणाऱ्या मोठ्या माशांत आणखी साठलं आणि शेवटी कोळ्याच्या ताटात आलं. कारखान्याच्याच इस्पितळातले डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ साली एका मांजराला ते सांडपाणी खाण्यातून दिलं. मांजराला तोच आजार झाला. हा निष्कर्ष कंपनीने दाबून ठेवला. सरकारने कारण मान्य केलं ते १९६८ साली! मधली नऊ वर्षं लोक तेच मासे खात राहिले. हे वाचताना माझा आजही संताप होतो.

त्याहून जिवाला लागते ती गोष्ट पोटातल्या बाळांची. आईच्या अंगातलं विष वारेपलीकडे, म्हणजे बाळापर्यंत, जात नाही, असं तेव्हा डॉक्टर धरून चालत. मिथाइल पारा मात्र वार ओलांडून गेला. आई वरवर धडधाकट दिसायची आणि बाळ जन्मतःच आजारी असायचं. शिनोबु साकामोतो हे त्यातलंच एक बाळ, जन्म १९५६चा. १९७२ साली स्टॉकहोमला पर्यावरणावर जागतिक परिषद भरली, तेव्हा पंधरा वर्षांची शिनोबु आईबरोबर तिथे गेली. आपला देह हाच तिचा पुरावा होता.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक देशाने आपापले कायदे कडक करावेत, करार कशाला? त्याचं उत्तर आपल्या कोडाईकनालमध्ये आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनचा थर्मामीटरचा कारखाना १९८०च्या दशकात तिथून उचलून त्या थंड हवेच्या गावात आणला गेला. २००१ साली गावातल्या भंगाराच्या आवारात पारा लागलेल्या काचांचा ढीग सापडला आणि कारखाना बंद पडला. २००३ साली तो कचरा जहाजाने परत अमेरिकेला पाठवावा लागला. एका दारातून हाकललेला पारा दुसऱ्या दारातून आत येतो, तो असा.

म्हणून सगळी दारं एकदमच लावायची ठरलं. ऑक्टोबर २०१३मध्ये जपानात मिनामाता करार संमत झाला आणि १६ ऑगस्ट २०१७ला लागू झाला. भारताने २०१८ साली त्याला मंजुरी दिली. पाऱ्याच्या नव्या खाणी नाहीत, जुन्या पंधरा वर्षांत बंद. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबाची यंत्रं बनवणं, आयात-निर्यात करणं थांबवायचं. ट्यूबलाइटसाठी २०२७ची मुदत आहे. सर्वांत अवघड काम सोन्याचं. आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, इंडोनेशियात गरीब माणसं मातीतलं सोनं पाऱ्याने धरतात आणि तो गोळा तापवून पारा उडवतात, कित्येकदा राहत्या घरात. हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा याच कामाचा आहे. पोटासाठी चाललेलं काम नुसत्या बंदीने थांबत नाही. पाऱ्याविना सोनं काढायची रीत त्यांच्या हाताशी यायला हवी, आणि तिथे श्रीमंत देशांनी पैसा सोडला पाहिजे.

कराराची पहिली सभा जिनिव्हात भरली, तेव्हाही शिनोबु आल्या होत्या. साठी ओलांडलेल्या. मिनामाता अजून संपलेलं नाही, हे सांगायला.

आपल्या किनाऱ्यावरच्या गरोदर बायांनी मासे सोडायची मुळीच गरज नाही. बांगडा, तारली, मांदेली खुशाल खा. मोठ्या मुशीसारखे दुसऱ्या माशांवर जगणारे मासे तेवढे टाळा.

आणि घरात जुना थर्मामीटर फुटलाच, तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. झाडू लावू नका, त्याने मणी आणखी फुटतात. जाड कागदाने ते गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि सगळं घट्ट झाकणाच्या डबीत भरा. डबीवर मोठ्या अक्षरांत ‘पारा’ लिहा. ओल्या-सुक्या कचऱ्यात ती टाकू नका. वेगळी द्या, आणि देताना घंटागाडीवरच्या ताईंना तोंडानेही सांगा, कारण पुढे कचरा हाताने निवडला जातो.