घरी जातानाच्या गोळ्या

श्रोतेहो, नमस्कार. शस्त्रक्रिया नीट पार पडली, उद्या घरी सोडतो, असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांची धावपळ बिल आणि विम्याच्या कागदांमागे सुरू होते, आणि डिस्चार्ज कार्डावरच्या वेदनाशामक गोळ्यांच्या ओळीकडे फारसे कोणी पाहत नाही. भूलतज्ज्ञ म्हणून मला आज त्या एका ओळीविषयी बोलायचे आहे.

तिथे पुष्कळदा ट्रामाडॉल असते. अफूतल्या मॉर्फिनप्रमाणे मेंदूवर काम करणारे हे औषध अनेकदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येते, त्यामुळे ते साधे दुखण्यावरचे औषध वाटते. २०१८ पासून ते आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. पूर्वी असे औषध कधीच न घेतलेल्या सुमारे सहा टक्के रुग्णांकडून शस्त्रक्रियेला तीन महिने उलटल्यावरही त्याची खरेदी चालू होती, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. आणि शस्त्रक्रिया लहान असो की मोठी, हे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. म्हणजे केवळ जखमेच्या दुखण्याने याचा उलगडा होत नाही. मिशिगनमधल्या २०१९ च्या अभ्यासात रुग्णांनी मिळालेल्यांपैकी जेमतेम पावभाग गोळ्या घेतल्याचे आढळले, तरीही ज्यांना जास्त दिल्या, त्यांनी जास्तच घेतल्या. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे लिहिणाऱ्याचा हात रुग्णाच्या वेदनेइतकाच निर्णायक ठरतो.

अमेरिकेचे चित्र जसेच्या तसे आपले नाही. आपल्याकडे कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळताना आजही अडचण येते, आणि ते मिळालेच पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरही वेदना सोसत पडून राहणे चुकीचे आहे, कारण दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही, चालत नाही, आणि मग छातीत कफ साठतो. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या वेळी नस बधिर करणे, नंतर पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी देणे आणि मूत्रपिंड व जठर ठीक असल्यास आयबुप्रोफेनसारखे औषध जोडणे, हा पाया आधी भक्कम हवा. ट्रामाडॉल त्यानंतर, आणि मोजून.

किती मोजायचे? घरी सोडण्यापूर्वीच्या चोवीस तासांत रुग्णाने अशा किती गोळ्या घेतल्या, हे नर्सच्या नोंदीत असते. एकही घेतली नसेल, तर सहसा घरीही लागत नाही. लागत असेल, तर कार्डावर गोळ्यांचा आकडा आणि थांबवण्याची तारीख लिहून मागा. नुसते ‘दुखल्यास’ पुरेसे नाही. आकडा स्पष्ट असला की पेठेतला औषधविक्रेताही कात्रीने स्ट्रिप कापून पाचच गोळ्या देऊ शकतो.

फिट्स येत असतील, नैराश्यावरची किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर ते आधीच सांगा. या औषधावर मद्य पूर्ण वर्ज्य आहे. उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी देऊ नका. आणि गोळी घेतल्यावर रुग्ण हाकेला ओ देईनासा झाला किंवा त्याचा श्वास मंदावला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.